पंतप्रधानांना अडवणारे त्यांचेच खासदार

पुण्यातले मित्र फोनवर हटकून म्हणतात, देशाला खंबीर नेता हवा, त्याने ठरवलं की झालं पाहिजे. मी ब्रिटनमध्ये राहतो, भारतीय पासपोर्टवरच इथे संसदेसाठी मत देतो (राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तो हक्क आहे), आणि मला हे मुळीच पटत नाही.

१ जुलै २०२५ चा दिवस घ्या. वर्षभरापूर्वी मजूर पक्षाने ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या होत्या. एवढ्या बहुमताच्या जोरावर पंतप्रधान कीर स्टार्मर अपंगांच्या भत्त्याच्या अटी कडक करायला निघाले. वर्षाला सुमारे ५ अब्ज पौंड वाचवायचे होते. या भत्त्यासाठी रोजच्या अडचणींचे गुण मोजतात. कमरेखालचं अंग धुवायला कुणाची मदत लागते? २ गुण. कमरेखालचे कपडे घालायला मदत लागते? आणखी २. असे ८ झाले की भत्ता सुरू. नवी अट अशी की एखाद्या तरी कामात एकदम ४ गुण हवेतच. म्हणजे अंघोळ, कपडे, स्वयंपाक, सगळ्यातच थोडी थोडी मदत लागणारा माणूस बाद!

अशी माणसं खासदारांना मतदारसंघात समोरासमोर भेटतात. पक्षाच्याच १२० हून अधिक खासदारांनी विधेयक रोखण्याच्या प्रस्तावावर सह्या केल्या. सध्याच्या लाभार्थींना हात लावणार नाही, असं सरकारने कबूल केलं, तरी भागलं नाही. शेवटी चर्चा चालू असतानाच मंत्री स्टीफन टिम्स उभे राहिले आणि ते कलमच वगळत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. मग विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकलं, आणि तेव्हाही मजूर पक्षाचे ४९ जण विरोधात गेले.

इथला पंतप्रधान दुबळा नसतो. मंत्री तोच नेमतो, तोच काढतो. बंडखोरांना शिक्षाही होते. त्याच महिन्यात चौघांना संसदीय पक्षातून निलंबित केलं. पण त्यांची खासदारकी शाबूत राहिली. सगळा फरक इथे आहे. म्हणूनच २००५ मध्ये टोनी ब्लेअर दहशतवादाच्या संशयितांना आरोप न ठेवता ९० दिवस कोठडीत ठेवण्याच्या प्रस्तावावर हरले, आणि २०१९ मध्ये थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला.

आपल्याकडे १९८५ पासून राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश मोडला की सदस्यत्वच धोक्यात. घोडेबाजार थांबावा म्हणून हा कायदा आला, आणि तो हेतू रास्तच होता. पण महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यानंतर आपण वाद कशावर घातला? व्हिप, म्हणजे पक्षादेश, शिंदे गटाच्या गोगावलेंचा खरा की ठाकरे गटाच्या प्रभूंचा! आमदाराला एखादं धोरण चुकीचं वाटलं तर त्याने काय करायचं, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. कृषी कायद्यांच्या वेळीही सत्ताधारी पक्षाच्या खासदाराला विरोधात मत देण्याची सोय नव्हती, म्हणून शेतकऱ्यांना वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसावं लागलं.

खासदाराला मोकळीक द्या, पक्षादेशाची सक्ती सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरती ठेवा. अपात्रतेची तलवार विश्वासदर्शक ठरावासारख्या मोजक्या मतदानांपुरतीच असावी, असं निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. ती शिफारस अजून तशीच पडून आहे.