‘ऑटो एसी म्हणजे नुसता आकडा’? नाही हो!

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘गाडीतला ऑटो एसी ही निव्वळ धूळफेक. 24 लावा नाहीतर 20, हवा तेवढीच गार येते. पटकन गार हवं तर सरळ लो करा. ऑटोवर पेट्रोलही जास्त जातं.’

ऑटो एसी म्हणजे आकडा लावला की आतलं तापमान आपणहून सांभाळणारा एसी, आणि लो म्हणजे त्याची सगळ्यात गार पायरी. आधी आकड्याचं. 24 हे व्हेंटमधून, म्हणजे डॅशबोर्डच्या झरोक्यातून, येणाऱ्या हवेचं तापमान नव्हेच, ते गाडीच्या आत किती हवंय त्याचं. एप्रिलच्या दुपारी लक्ष्मी रोडच्या आसपास उन्हात तापलेली गाडी सुरू केली की 24 आणि 20 दोन्हीला हवा सारखीच गार येणार, कारण दोन्ही आकडे अजून लांब आहेत. मेसेजवाल्याने बहुधा तेवढंच बघितलं. आत 24च्या जवळ आलं की ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, आपसूक मंदावतो आणि डॅशबोर्डच्या पोटातली एक झडप सरकते. मग थोडी गार हवा हीटरवरून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याने (कूलंटने) तापलेल्या नळ्यांवरून, जाऊन उरलेल्या हवेत मिसळते. बादलीत गरम-गार पाणी सारखं करतो तसं.

हे अंदाजपंचे होत नाही. स्टिअरिंगच्या आसपास बारीक जाळी दिसते, तिच्यामागचा सेन्सर आतली हवा मोजतो. बाहेरची मोजणारा पुढच्या बंपरपाशी. शिवाय बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेच्या बुडाशी डॅशबोर्डवर एक छोटा काळा फुगवटा असतो, तो ऊन मोजतो. आपल्याकडे नेमका त्याच्यावरच नॅपकिन, पार्किंगची पावती, नाहीतर गणपती! बाप्पा चार बोटं सरकवला तर रागावणार नाही. फुगवटा झाकला की गाडीला वाटतं सावली आहे. मग ‘ऑटो नीट चालत नाही’ म्हणून मेकॅनिकच्या डोक्याला ताप.

लो म्हणजे झडप पूर्ण गारवर आणि ब्लोअर सुसाट. तापलेल्या गाडीत ऑटोही सुरुवातीला तेच करतं, वर बहुतेकदा बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवतं. आणि एसीची कॉइल, म्हणजे हवा गार करणारी जाळी, शून्याच्या जरा वरच ठेवावी लागते, नाहीतर तिच्यावर बर्फ धरतो. म्हणजे लो लावून जास्तीचा गारवा येणार कुठून? कात्रज येईपर्यंत मागे बसलेली आजी शाल मागते, एवढाच फरक.

पेट्रोलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. डिसेंबरच्या सकाळी, जिथे काच खाली करून भागतं, तिथेही ऑटो दाबलं की बऱ्याच गाड्या कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा पेट्रोल खाणारा पंप, लावतात. तेव्हा एसीचं बटण तेवढं बंद करावं. तापमान सांभाळायचं काम चालूच राहतं. एरवी आत गार झाल्यावरही लो दामटण्यापेक्षा ऑटो जास्त पेट्रोल खाईल, याला काही कारण नाही. पावसाळ्यात मात्र एसीचं बटण बंद करू नका. खंडाळ्याच्या घाटात काच आतून धुरकटते ती दमटपणाने, आणि हवेतलं पाणी काढून घेतो तो एसीच.