दोरीवरची कसरत

शिडाचं मोठं जहाज बंदरात आलं की शहरातल्या झाडून सगळ्या जलरंगवाल्यांना वाटतं, आपला जन्म याचसाठी झाला. २०२४च्या नोव्हेंबरअखेर इटलीच्या नौदलाचं 'अमेरिगो वेस्पुची' मुंबईला लागलं. १९३१ साली पाण्यात उतरलेलं, शंभर मीटर लांब, तीन डोलकाठ्या, काळ्या अंगावर दोन पांढरे पट्टे, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, सोनेरी पुतळा. इतकं देखणं स्थळ चालून आल्यावर पत्रिका कोण बघतो? आणि पत्रिकेत असतात दोऱ्या. तीस किलोमीटरच्या वर.

पहिला अपेक्षाभंग शिडांचा. आपल्या डोक्यात फुगलेली पांढरीशुभ्र शिडं. धक्क्याला लागलेलं जहाज मात्र ती गुंडाळून उभं. समोर दिसते ती वाळत घातलेले कपडे काढून नेल्यानंतरची दांडी.

आता या दांड्या, म्हणजे शिडं बांधायची परबाणं. आपल्या गलबताचं परबाण तिरकं असतं, इथली आडवी आणि वर जावं तशी आखूड. धक्क्यावरून बघताना ती समांतर दिसत नाहीत. डोळ्यांच्या पातळीच्या वरची प्रत्येक रेघ लांबच्या टोकाकडे खाली उतरते, आणि परबाण जितकं उंच तितका उतार जास्त. सगळ्यांना एकच कोन दिला की जहाजाची फणी होते.

त्यात मॉडेल हलतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीला जो पट्टा धक्क्याच्या कडेशी होता, तो दुपारी डोक्यावर. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत पाण्याची रेषा, चढायची शिडी आणि पट्टे यांच्या जागा पक्क्या कराव्यात आणि पुढे जहाजाचं ऐकू नये. इंदिरा डॉकसारख्या दरवाजे असलेल्या गोदीत पाणी धरून ठेवतात, तिथे हा ताप नाही. तिथे सुरक्षारक्षक असतो.

पट्टे पांढरे ठेवायला मास्किंग फ्लुइड लागतं, म्हणजे कागद झाकून ठेवणारा आणि नंतर सोलून काढायचा रबरी द्राव. ब्रश आधी साबणात बुडवावा, नाहीतर तो त्या दिवशीच स्वर्गवासी होतो. उन्हात ते जास्त वेळ राहिलं की कागदाला असं चिकटतं, की काढताना पट्ट्याबरोबर कागदाचं सालही निघतं. काळा रंग ट्यूबमधून थेट लावला तर डांबर दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळून घ्यावा. पुतळ्याला सोनेरी रंग तर नकोच, तो लग्नपत्रिकेसाठी राहू द्या. यलो ऑकर, सावलीला बर्न्ट अंबर आणि कोऱ्या कागदाचा एक ठिपका, एवढ्यात सोनं होतं.

मग दोऱ्या. यांच्यासाठीच बारीक लांब केसांचा रिगर ब्रश निघाला. दोन नंबरचा घ्या, रंग दुधाइतका पातळ, ब्रश उभा, हात मनगटातून नव्हे तर खांद्यातून, आणि रेघ एका दमात. कागद ३०० जीएसएमचा असला तरी मुंबईच्या हवेत वरून कोरडा आणि आतून ओला असतो. हाताच्या पाठीला गार लागला तर थांबा. ओलीवर ओढलेली दोरी फुटते आणि तिचा सुरवंट होतो.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या दोऱ्या गडद, ताठ. त्या जहाजाच्या कडेवरून, डोलकाठीच्या जरा मागून निघतात. शिडं ओढायच्या दोऱ्या फिकट आणि त्यांना किंचित झोळ. सगळ्या एका जाडीच्या काढल्या तर विजेच्या खांबाचं चित्र होतं. अकरा बाय पंधरा इंचाच्या कागदावर तीनांतली एक काढली तरी पुरे. राहिलेल्या दोन कुठल्या, हे सांगणारे गृहस्थ पाठीमागे उभे असतातच.

अशा वेळी विलेम व्हान द व्हेल्ड या डच बापलेकांचा हेवा वाटतो. १६७४ साली इंग्लंडच्या राजाने दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले. बापाने सागरी लढाया रेखाटायच्या, मुलाने त्या रंगवायच्या. आमच्याकडे मुलगा फार तर पाणी बदलून देतो, तेही त्यात ब्रश असताना.

चित्र घरी आलं की फर्माईश होते, शिडं उघडी दाखवा. ती कल्पनेनं फुगवता येतात, फसतो तो झेंडा. आगबोटीची सवय, त्यामुळे हात आपोआप झेंडा मागे फडकवतो. वारा पाठीमागून येऊन शिडं पुढे फुगवत असेल, तर झेंडाही पुढेच उडायला हवा. शिडं एका वाऱ्यावर, झेंडा दुसऱ्या, असं जहाज आहे तिथेच फाटेल. चूक लक्षात येते रंग वाळल्यावर, आणि इटलीच्या झेंड्यातला हिरवा जर थॅलो असेल तर तो कितीही घासला तरी कागद सोडत नाही. मग पांढरं गुआश, म्हणजे खालचं झाकणारा जलरंग, जाडसर घेऊन झेंड्याच्या जागी एक सीगल बसवावा लागतो. बराच मोठा.