कंबर आणि सतरा नंबर

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा लांबचा प्रवास माजिवड्यालाच अर्धा होऊन गेलेला असतो. गेल्या मे महिन्यात चिपळूणला सासुरवाडीस निघालो, तेव्हा वाघबीळ ते माजिवडा एवढ्या टप्प्यात मी 112 वेळा क्लच दाबला. ही मोजदाद मी केली, कारण त्या तासाभरात गाडीत करण्यासारखे दुसरे काही नव्हते. पुढे कळवा, ठाणे-बेलापूर रस्ता, पनवेल आणि मग राष्ट्रीय महामार्ग 66, म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, ज्याला आमची पिढी अजूनही जुन्या क्रमांकाने सतरा नंबरच म्हणते.

या रस्त्यावर माझी एक ख्याती आहे, म्हणजे निदान मी तसे समजतो. ठाण्याहून निघालो की थेट चिपळुणालाच गाडी थांबवायची, हा माझा बाणा. “चहाला थांबू या का?” असे कोणी विचारले की मी “पनवेल जाऊ दे” म्हणतो, पनवेल गेले की “पेण जाऊ दे”, आणि पेण गेल्यावर घरची माणसे विचारणेच सोडून देतात. वाटेत थांबणे हा पराभव आहे, हे मला कोणी शिकवले ते आठवत नाही, पण चिपळूणला पोहोचल्यावर मेव्हण्याने “किती वाजता निघालात?” असे विचारावे आणि मी घड्याळाकडे पाहत बेफिकीरपणे उत्तर द्यावे, या एका क्षणासाठी मी सुमारे अडीचशे किलोमीटर जीव मुठीत आणि पोटातले पाणी पोटात धरून बसतो.

त्या दिवशी नागोठण्याच्या पुढे कंबरेत पहिली कळ आली. माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग लागली, तेव्हा कळ डाव्या कुल्ल्यात उतरली. कशेडी येईपर्यंत मी एका कुल्ल्यावर बसून गाडी चालवत होतो आणि शेजारी बसलेली बायको दर पाच मिनिटांनी “अहो, थांबा ना जरा” म्हणत होती. मी अर्थातच “खेड जाऊ दे” म्हणालो.

गाडी सासऱ्यांच्या अंगणात उभी केली. दार उघडून उजवा पाय बाहेर टाकला, मग हातांनी उचलून डावा पाय बाहेर आणला, दाराला धरून उठलो आणि उठता उठता मध्येच थांबलो. कंबरेत उसण भरली होती. शरीराचा काटकोन झाला होता आणि बरोबर समोर, स्वागताला पायऱ्या उतरून आलेल्या सासऱ्यांची पावले होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून “आयुष्मान भव” म्हटले. मी उठलो नाही. त्यांनी पुन्हा म्हटले. मी तसाच. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज भरून आला आणि “अहो जावईबापू, पुरे आता” असे म्हणत ते स्वतःच एक पाऊल मागे सरले. सासूबाई ओसरीवरून शेजारणीला सांगत होत्या की शहरात राहून एवढी रीत सांभाळणारा माणूस मिळायला भाग्य लागते. अखेर मागच्या दारातून उतरलेली माझी मुलगी म्हणाली, “आजोबा, बाबा नमस्कार करत नाहीयेत. बाबा अडकलेत.”

कोकणात उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. जन्मताना जो पायांकडून आला, त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण निघून जाते, अशी समजूत आहे. शेजारच्या वाडीतल्या काकू पायाळू. वय पंचाहत्तरीच्या आसपास. त्या आल्या, चपला काढल्या, दारातल्या बादलीतले पाणी पायांवर घेतले आणि मला ओसरीच्या खांबाला धरून उभे राहायला सांगितले. “नेमकी कुठे?” एवढेच त्यांनी विचारले आणि मी बोट दाखवतो न दाखवतो तोच पाठीवर लाथ बसली. मंत्र नाही, प्रस्तावना नाही. अशा तीन. उसण गेली की नाही ते सांगता येणार नाही, पण “आता कसं वाटतंय?” या प्रश्नाला “एकदम बरं” हे उत्तर मी इतक्या तत्परतेने आयुष्यात कधी दिले नव्हते.

ठाण्याला परतल्यावर तलावपाळीच्या सकाळच्या कट्ट्याने सल्ल्यांचा पाऊस पाडला. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, विटेचा झाला, सीटवर लाकडी मण्यांचे कव्हर झाले, ज्यामुळे दुखणे तसेच राहून पाठीवर नक्षी तेवढी उमटली. शेवटी पाचपाखाडीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. माझे मोठे पाकीट उजव्या मागच्या खिशात असते हे तिने मी बसण्याआधीच पाहिले. तिने ते टेबलावर ठेवायला सांगितले आणि मोजपट्टी लावली. साडेतीन सेंटिमीटर. आत काय होते? चार कार्डे, त्यांतली दोन मुदत संपलेली, रेशन कार्डाची घडी घातलेली झेरॉक्स, 2019 सालची लाँड्रीची पावती, विकून टाकलेल्या स्कूटरचा विमा, एक अंगारा, आणि पैसे म्हणाल तर 220 रुपये. “काका, तुम्ही पाच-सहा तास एका विटेवर तिरके बसला होतात,” ती म्हणाली. विठोबा निदान विटेवर दोन्ही पायांनी उभा आहे, हा विचार माझ्या मनात आला. पण तिचा चेहरा विनोदाला अनुकूल नव्हता.

मग तिने मला खाली नेऊन माझ्याच गाडीत बसायला लावले. सीट मी आरामखुर्चीसारखी मागे पाडलेली आणि स्टिअरिंगपासून लांब ठेवलेली, कारण ऐटीत गाडी चालवणारे सगळे तसेच बसतात असा माझा समज होता. त्यामुळे क्लच दाबताना दर वेळी कंबर सीटवरून पुढे घसरत होती. तिने सीट पुढे घेतली, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाठ काटकोनापेक्षा किंचित कलती ठेवली, बसायची उंची वाढवली आणि एका पंचाची गुंडाळी करून बरोबर पट्ट्याच्या रेषेवर पाठीमागे सरकवली. कंबरेच्या पाच मणक्यांना पुढच्या बाजूला एक नैसर्गिक बाक असतो आणि तो सपाट झाला की सगळा भार मधल्या चकत्यांवर येतो, हे तिने मला मुठी एकमेकींवर ठेवून दाखवले.

स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी 1960च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभ्या माणसापेक्षा बसलेल्याच्या चकतीत दाब जास्त आणि बसून पुढे वाकलेल्याच्या चकतीत त्याहून जास्त, असे त्यांना आढळले. पुढे 1999 साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून पाहिले, तेव्हा मागे रेलून बसल्यावर दाब उलट कमी निघाला. म्हणजे शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत. माझ्या कंबरेने मात्र माणगावच्या रांगेत नाकेमसन यांच्या बाजूने कौल दिला होता. शिवाय बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांच्या कंपनाला सर्वांत जास्त साथ देतो, म्हणजे त्या लयीत तो सर्वांत जास्त हलतो, असे म्हणतात. सतरा नंबरवर ही साथ पनवेलपासून जमते.

“हे सगळं ठीक आहे,” ती म्हणाली, “पण खरं औषध म्हणजे तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चालायचं. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, हालचालीनेच तिला खायला मिळतं. आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे.” पंचा, पट्टा, पाकीट यांपैकी काहीही मी आनंदाने मान्य केले असते. पण थांबायचे?

गणपतीला पुन्हा निघालो, तेव्हा सरळ बसून आतला आरसा नीट लावून घेतला. कंबर घसरली की मागची काच आरशातून निसटते, ही त्या फिजिओथेरपिस्ट मुलीचीच युक्ती. बायकोने त्या युक्तीचा ताबा घेतला. “आरशात काय दिसतंय?” एवढे ती विचारायची आणि मी शाळेतल्यासारखा ताठ व्हायचो. पेणजवळ थांबलो. कोलाडला थांबलो. तिथे मी गाडीभोवती फेऱ्या मारत, कंबरेवर हात ठेवून मागे वाकत असताना एका ट्रकवाल्याने गाडी बाजूला घेऊन “काय दादा, पंक्चर का?” असे विचारले. मी “नाही, कंबर” म्हणालो. त्याने मान हलवली, खाली उतरला आणि काही न बोलता माझ्या शेजारी उभा राहून तोही मागे वाकला.

चिपळूणला पोहोचायला नेहमीपेक्षा तासभर उशीर झाला. मेव्हण्याने वेळ विचारली नाही, फक्त पिशव्या उतरवून घेतल्या, कारण बसून आल्या आल्या ओझे उचलायचे नाही, हे बायकोने त्याला फोनवरच बजावले होते. मी गाडीतून सरळ उतरलो, सासऱ्यांच्या पायाला हात लावला आणि लगेच उभा राहिलो. त्यांनी आशीर्वाद दिला, मी आत गेलो आणि ओसरीवरून त्यांचा आवाज ऐकू आला, “मागच्या वेळी किती मनापासून वाकले होते.”