वाराचा घोळ

पावसाळ्यात एकदा तरी गाडी काढून घाट पाहावेत आणि वाटेत जगावेगळी संग्रहालये गाठावीत, असे मी एका रात्री जेवताना बोलून गेलो, तिथेच चुकले. ठाण्याहून कसारा घाट चढायचा, अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय पाहायचे, सिन्नरला ‘गारगोटी’ या खनिजांच्या संग्रहालयात शिरायचे आणि संगमनेर, आळेफाटा करत माळशेज घाटाने, मुरबाड-कल्याणवरून घरी परतायचे, असा नकाशा मी वहीत काढूनही ठेवला होता.

“दगड बघायला सिन्नरला?” आईने विचारले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून झिओलाइटचे स्फटिक वाढले, म्हणजे धबधबे ज्या कातळावरून कोसळतात त्याच्याच पोटातला ऐवज तिथे काचेआड मांडला आहे, हे मी समजावले. आईने भात कालवत नुसते “हं” केले. मग बायकोने पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सुचवले, तिथे दिवे आणि अडकित्ते किती तऱ्हेचे आहेत तेही सांगितले. “अडकित्ता माझ्या फडताळात आहे,” आई म्हणाली, आणि पुणे बाद झाले.

खरा घोळ वाराचा होता. शनिवार-रविवारी अर्धे ठाणे माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली उभे असते आणि उरलेले घाटात भजी खात असते, म्हणून सोमवार ठरवला. तर बहुतेक संग्रहालये नेमकी सोमवारी बंद. मंगळवारी मुलाची चाचणी, बुधवारी गाडीचे सर्व्हिसिंग, गुरुवारी आईचा उपास (घाटातल्या भज्यांसमोर तो टिकणार नाही, हे तिनेच सांगितले) आणि शुक्रवारी साहेबांची बैठक. असे तीन आठवडे गेले, पावसाळाही उतरणीला लागला.

परवा संध्याकाळी मुलगा चिखलाने बरबटलेला घरी आला. सोसायटीच्या फाटकाशी रस्त्याच्या कामाची खडी पडली आहे, तिच्यातला मुठीएवढा काळा दगड त्याने उचलून आणला होता, आणि दगडाच्या पोकळीत साखरेसारखे पांढरे कण चमकत होते. आईने तो नळाखाली धुतला, पदराने पुसला आणि फडताळात अडकित्त्याशेजारी ठेवला.

“सोमवारीसुद्धा उघडं असतं,” ती म्हणाली.