काचघर आणि झेरॉक्स

बजेट ऐकलं आणि विक्रेत्याने माझ्या हातातला गुळगुळीत कॅटलॉग अलगद काढून घेतला. वर कव्हरवरचे माझ्या बोटांचे ठसे रुमालाने पुसले. मग खणातून एक झेरॉक्स काढून पुढे सरकवली. "तुमच्या रेंजमध्ये हे बसेल, सर." तो ‘सर’ अजून सलतोय.

घराला लागून एक काचेची खोली काढायची, एवढंच आमचं म्हणणं. हिला व्हिक्टोरियन हवी: पुढून कोनाकोनांची, उंच छपराची, कण्यावर नक्षीची. मला एडवर्डियन, कारण ती सरळ चौकोनी असते आणि कोपऱ्यात खुर्ची तरी मावते. झेरॉक्सवर एकच प्रकार होता, लीन-टू. घराच्या भिंतीला टेकलेलं, एकाच बाजूला उतरतं छप्पर. एक भिंत आयती मिळते, कापाकापी कमी, म्हणून सगळ्यांत स्वस्त. झालं, निवड संपली.

नमुन्याच्या काचघरात एक वयस्कर गृहस्थ वेताच्या खुर्चीत बसले होते. चपला दाराबाहेर नीट काढलेल्या, मांडीवर पेपर, शब्दकोडं अर्धं सोडवलेलं.

"छप्पर कशाचं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"अजून स्टाइलच ठरत नाहीये."

"स्टाइल गेली खड्ड्यात. छप्पर कशाचं?"

मी झेरॉक्स वाचली. "पॉलिकार्बोनेट." म्हणजे प्लास्टिकचे पत्रे.

"मग पाऊस पडला की टीव्ही बंद करायचा. ऐकूच येत नाही." कोड्यात एक अक्षर भरलं. "काच घ्या."

"काच बजेटमध्ये बसत नाही."

"मग काच घेऊ नका."

इतका निरुपयोगी आणि इतका बिनतोड सल्ला मला आजवर कुणी दिला नव्हता.

"छताला झरोके किती?"

"लिहिलेलं नाही."

"म्हणजे नाहीत. अहो, ऊन काचेतून आत येतं, फरशी तापते, गरम हवा वर जाऊन बसते. तिला बाहेर जायला वरच वाट हवी. तुम्ही खालची खिडकी उघडून बसाल, तिला काय त्याचं?" एवढ्यात विक्रेत्याने त्यांना गार पाणी आणून दिलं. मला नाही.

"तुमच्याकडे आहे वाटतं काचघर?"

"छे हो, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. पलीकडे आमच्या हिचं टाइल्सचं ठरेपर्यंत टेकलोय."

राग याचा आला की माणूस बरोबर बोलत होता. पैसा खरा छतात जातो, आणि छताबद्दल विक्रेता अवाक्षर काढत नव्हता. तो मला हँडलचे रंग दाखवत होता. कॅटलॉगमधले फोटोही बघा, सगळे कोवळ्या उन्हातले. भर दुपारी त्या सोफ्यावर बसलेला घामाघूम माणूस एकाही पानावर नाही. छतावर कबुतरांनी केलेली नक्षी नाही, आणि ती पुसायला शिडीवर चढलेला नवरा तर नाहीच नाही.

हा नाद लावला ब्रिटिश बड्या लोकांनी. तिकडे काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि काच जरा आवाक्यात आली. १८५१ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेस, म्हणजे प्रदर्शनासाठीचा प्रचंड काचमहाल, उभा करणारा जोसेफ पॅक्स्टन मूळचा माळी. त्याआधी तो ज्या ड्यूकच्या पदरी माळी होता, त्याच्यासाठी त्याने त्याच्या चॅट्सवर्थच्या वाड्याच्या बागेत एक अवाढव्य काचघर बांधलं होतं. ते उबदार ठेवायला बॉयलरमध्ये सतत कोळसा घालावा लागे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं थंडीने मेली, आणि १९२० साली काचघरच पाडून टाकलं. जे ड्यूकच्या घराण्याला झेपलं नाही, ते ‘सुलभ हप्त्यांत’ मला झेपेल असं झेरॉक्स म्हणते. हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात एसी, आणि ज्या दोन-चार महिन्यांत यातलं काहीच लागत नाही, तेव्हा माणूस बाहेर उघड्यावर बसणार नाही का?

हे मी घरी बोललो. "मग आयुष्यभर बाहेरच बसा," हे उत्तर मिळालं.

आज कोटेशन आलं. खाली बारीक अक्षरात: पाया, वायरिंग, छताची फिटिंग, झरोके आणि कर वगळून. मी फोन करून विचारलं, मग एवढ्या पैशात आहे तरी काय?

"डिझाइन, सर."