‘२५ मिनिटांत कोळंबी पास्ता’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या पाककृतीखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि लगेच उत्तर देण्याऐवजी बुधवारी संध्याकाळी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, तोच पास्ता मीच लिहून ठेवलेल्या शब्दांनुसार पुन्हा करून पाहिला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : ‘पंचवीस मिनिटे’ हे शीर्षक धडधडीत खोटे असून आपल्याला सव्वा तास लागला, कोळंबी रबरासारखी झाली, सॉस पाणचट राहिला, मुळात पांढरी वाइन लागते ती मी गाळली आणि चीज घालू नका असा हट्ट मात्र धरला, आणि एवढी यातायात करण्यापेक्षा बडोद्याच्या मराठी माणसाने सरळ कोळंबीभात करावा. यातले पहिले दोन आक्षेप मला पूर्ण मान्य आहेत, तिसऱ्यात अर्धा दोष माझा आहे, आणि उरलेल्यांबद्दल मला थोडे भांडायचे आहे.

आधी वेळेबद्दल. बुधवारी मला ५८ मिनिटे लागली. घरच्या गॅसच्या मोठ्या शेगडीवर तीन लिटर पाणी खळखळायलाच १६ मिनिटे गेली, आणि गोठलेली कोळंबी पाण्यात सुटी करून, सोलून, प्रत्येकीच्या पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढण्यात आणखी ३२. ही दोन्ही कामे मी एकाच वेळी चालवली, तरीही एकूण आकडा पंचवीसच्या जवळपास फिरकला नाही. मूळ लेखात मी वेळ मोजली होती ती साफ केलेली कोळंबी ताटलीत आणि उकळते पाणी पातेल्यात असल्यापासून. पुरण तयार असेल तर पुरणपोळीला दहाच मिनिटे लागतात, असे सांगण्यासारखेच ते झाले. आपण रागावलात ते बरोबर आहे.

तरीही पंचवीस मिनिटे अशक्य नाहीत, फक्त त्यासाठी आदल्या रात्रीची दोन मिनिटे लागतात. पाकीट झोपण्यापूर्वी फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते आपोआप सुटते. ते विसरल्यास कोळंबी घट्ट बंद केलेल्या पिशवीत घालून पिशवी गार पाण्यात बुडवावी. अर्ध्या तासाच्या आत काम होते. गरम पाण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने बाहेरचा भाग शिजू लागतो आणि आतला बर्फच राहतो. दुसरी गोष्ट, घरात पाऊल टाकताच हातपाय धुण्याआधी पाण्याचे पातेले झाकण ठेवून शेगडीवर चढवावे. बाकी सगळे त्या उकळीच्या सावलीत होते.

आता कोळंबीकडे येतो, कारण खरी चूक इथे झाली आहे आणि ती एकट्याची नाही. ‘कोळंबी घालून ५ ते ६ मिनिटे परता’ असे मी लिहिले होते. हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरचे कालवण होते, पास्ता नव्हता. आपण पाकिटावर ‘७१/९०’ असे छापल्याचे कळवले आहे, त्यावरून उलगडा होतो. हा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते सांगतो. मी वापरतो ती ‘३१/४०’ ची कोळंबी ११ ते १४ ग्रॅमची असते. आपली पाच-सहा ग्रॅमची होती. माझ्या कोळंबीला तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजू मिळून अडीच मिनिटे पुरतात, आपल्या कोळंबीला जेमतेम सव्वा मिनिट. तिला सहा मिनिटे परतायला सांगणाऱ्याला आपण आणखी कडक शब्दांत सुनावायला हरकत नव्हती. पावणेसहाशे रुपये वाया गेल्याची भरपाई मी करू शकत नाही, पण लेखात आता नगांचा आकडा आणि वेळ दोन्ही दुरुस्त केले आहेत.

घड्याळापेक्षा भरवशाची खूण म्हणजे तिचा आकार. कोळंबी राखाडी रंग सोडून केशरी-गुलाबी होते, ती तिच्या अंगात आधीपासूनच असलेला रंग उष्णतेने प्रथिनाच्या पकडीतून सुटतो म्हणून. परंतु रंग बदलला म्हणजे काम संपले असे नव्हे. ती चंद्रकोरीइतकी वळली आणि जाड टोकाशी मांस काचेसारखे न दिसता दुधी दिसू लागले की त्या क्षणी ती ताटलीत काढून घ्यावी. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून पूर्ण वेटोळे झाले, की ती हातची गेली. काढून घेतलेली कोळंबी ताटलीतही स्वतःच्या उष्णतेने थोडी शिजत राहते आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात पास्त्याबरोबर पुन्हा तव्यात येते, हे लक्षात घेऊन ती किंचित आधीच काढायची असते.

आपल्या प्रतिक्रियेत एक वाक्य जाता जाता आले आहे : ‘नेहमीप्रमाणे हळद, मीठ आणि लिंबू चोळून अर्धा तास ठेवली.’ माझ्या मते अर्धे रबर तिथेच तयार झाले. आपल्या घरांत मासळीला लिंबू किंवा कोकमाचे आगळ चोळण्याची पद्धत आहे आणि कालवणासाठी ती उत्तमच आहे, कारण तिथे रस्सा कोळंबीला सांभाळून घेतो. परंतु आंबटाने मासळीची प्रथिने विस्तवाशिवायच घट्ट होऊ लागतात. अर्धा तास लिंबात राहिलेली बारीक कोळंबी कच्ची असतानाच कडेने पांढुरकी, खडूसारखी झालेली दिसते, आणि मग आपण तिला दुसऱ्यांदा शिजवतो. पास्त्यासाठी लिंबू शेवटी, गॅस बंद केल्यावर. आधी लावायचेच असेल तर पाव किलोला पाव चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा लावून १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. सोडा लिंबाच्या उलट काम करतो आणि कोळंबी रसरशीत राहते. चिमूट म्हणजे चिमूटच, नाहीतर साबणाची चव येते. हळदीबद्दल माझे काही म्हणणे नाही, मी घालत नाही इतकेच.

पाणचट सॉसची कारणे मला दोन दिसतात. पहिले आपल्या पाकिटात आहे. सुटी गोठवलेली कोळंबी वाळू नये म्हणून तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात, आणि पुष्कळदा ती पाणी धरून ठेवावी म्हणून फॉस्फेटच्या द्रावणातही बुडवतात. घटकांच्या यादीत ‘आयएनएस ४५१’ किंवा ‘४५२’ दिसले तर तेच समजावे. असे पाणी तव्यात सुटते आणि कोळंबी परतली न जाता उकडते. त्यावर उपाय साधा आहे : स्वच्छ सुती फडक्यावर पसरून, वरून दुसरे फडके दाबून ती अगदी कोरडी करावी आणि तव्यात एका वेळी एकच थर घालावा. बुधवारी मी मुद्दाम निम्मी कोळंबी पुसून आणि निम्मी तशीच टाकून पाहिली. पुसलेलीला पहिल्याच मिनिटात कडेला सोनेरी डाग पडले. न पुसलेलीभोवती पांढरट पाण्याचे तळे झाले आणि ते आटेपर्यंत ती वेटोळी होऊन बसली होती.

दुसरे कारण माझ्या लिखाणात आहे. ‘पास्ता निथळून घ्या’ एवढेच मी लिहिले आणि आपण तो, शेवयांची सवय असल्यामुळे, गार पाण्याखाली धुऊन, वर चमचाभर तेल लावून ठेवला. यात आपला दोष नाही, बहुतेक घरांत असेच करतात. पण पास्ता ज्या पाण्यात उकळतो त्या गढूळ पाण्यात त्याचा स्टार्च उतरलेला असतो, आणि लसणीचे तेल व पाणी यांना एकत्र बांधून सॉस दाट करतो तो हाच स्टार्च. तो नळाखाली वाहून गेला की तेल वेगळे आणि पाणी वेगळे राहते. म्हणून निथळण्यापूर्वी एक पेला पाणी बाजूला काढावे, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच पास्ता उचलून थेट लसणीच्या तेलात टाकावा, त्यावर अर्धा पेला पाणी ओतून मोठ्या आचेवर उलथापालथ करत राहावे. दोन मिनिटांत पाणी आणि तेल मिळून दुधट, चकचकीत लेप तयार होतो.

आणि त्या पाण्यात मीठ हवे. दर लिटरला १० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे, काकणभर कमी. आपण चिमूटभर घातले होते. पास्ता आतून अळणी राहिला की वरून कितीही मीठ भुरभुरवले तरी ते वरच राहते, आणि अशा वेळी माणसाला चीजची आठवण येते.

म्हणून चीजच्या आक्षेपाला उत्तर द्यायला मी इथवर थांबलो. मासळीच्या पास्त्यावर चीज न घालण्याचा इटालियन संकेत हा काही कायदा नाही आणि इटलीतही त्याला अपवाद आहेत. माझा हट्ट इटालियनांसाठी नाही. मुरलेल्या चीजचा खारटपणा आणि उग्र वास कोळंबीच्या गोडव्याला झाकून टाकतो, आणि ज्या गोडव्यासाठी आपण पैसे मोजले तोच झाकायचा असेल तर पनीर घालून पास्ता करावा, स्वस्त पडेल. वरून काहीतरी खमंग हवे ही आपली गरज मात्र रास्त आहे. सिसिलीत तारलीसारख्या मासळीच्या पास्त्यावर तेलात भाजलेला पावाचा चुरा घालतात. मी त्याच्या पुढे एक पाऊल जातो : पावाच्या चुऱ्यात दोन चमचे सुका जवळा, निवडून, कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजून, हाताने चुरडून मिसळतो. जवळा भाजताना खिडक्या उघडाव्यात की बंद कराव्यात, हा प्रश्न बडोद्यातल्या प्रत्येक मासळी खाणाऱ्या घराने आपापल्या शेजाऱ्यांच्या स्वभावानुसार सोडवलेला असतो. आमच्या इमारतीत मी तो रविवारी सकाळी, समोरचे कुटुंब देवळात गेलेले असताना भाजतो आणि घट्ट झाकणाच्या बरणीत महिनाभर पुरवतो. कोळंबीची टरफलेही मी रात्री डब्यात टाकत नाही. पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवतो आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की खाली नेतो.

वाइनबद्दल फार लिहीत नाही. १९६० साली राज्य झाल्यापासून गुजरातेत दारूबंदी आहे, आणि रात्रीच्या जेवणासाठी मी कुणाला परवान्याच्या खटपटीला लावणार नाही. वाइन तिथे करते ते काम आंबटपणाचे आणि तव्याला चिकटलेले खरपूस सुटे करण्याचे आहे. सोलायची कोळंबी असेल तर तिची टरफले चमचाभर तेलात लालसर परतून, त्यात दीड पेला पाणी घालून, दहा मिनिटे उकळून गाळून घ्यावे. हे पाणी आणि शेवटी पिळलेले अर्धे लिंबू मला वाइनपेक्षा कमी वाटत नाही. थंडीत खंडेराव मार्केटात हिरव्या लसणीच्या जुड्या येतात, तेव्हा सुक्या लसणीच्या पाकळ्यांबरोबर ती पातही बारीक चिरून गॅस बंद करताना घालावी.

राहिला कोळंबीभात. ‘तो तरी आपला आहे’ या आपल्या शब्दांवर मी थोडा अडखळलो. आमच्या आईचा कोळंबीभात मला पास्त्यापेक्षा जास्त आवडतो, हे मी आनंदाने कबूल करतो. पण त्याला ओले खोबरे, वाटण आणि निवांतपणा लागतो, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेसातला घरी आल्यावर माझ्याकडे यातले एकही नसते. शिवाय आपलेपणाचा हिशेब आपण समजतो तितका सरळ नाही. पास्ता ज्या कडक ड्युरम गव्हाचा होतो, त्याच जातीचा भालिया गहू आपल्या शेजारच्या भाल प्रदेशात पिकतो आणि त्याला २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. उलट आपल्या पाकिटातली ‘व्हेनामी’ कोळंबी मूळची मेक्सिको ते पेरू या पट्ट्यातल्या प्रशांत किनाऱ्याची. ती सुरत-नवसारीकडच्या खाडीकाठच्या तळ्यांत वाढवली जाते आणि कोळंबीभातातही हल्ली बहुतेक तीच पडते. मग दोन्हींतले परके काय, हे मला ठरवता येत नाही.

‘सीफूड म्हणता आणि नुसती कोळंबीच घालता’ हा आपला टोमणा रास्त आहे, म्हणून शीर्षकात आता ‘कोळंबी’ असेच लिहिले आहे. माकूळ मिळाल्यास तिची वलये दोन मिनिटांवर तव्यात ठेवू नयेत. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मी बडोद्यात घेत नाही; त्या जिवंत घ्यायच्या असतात आणि इथवर येईपर्यंत त्यांची मला खात्री वाटत नाही.

आपल्याकडे अर्धे पाकीट शिल्लक आहे असे लिहिले आहे. ते अजून गोठलेलेच असेल तर शुक्रवारी रात्री खाली काढून ठेवा आणि शनिवारी वापरा. एकदा सुटल्यावर पुन्हा गोठवू नका. दोघांसाठी १८० ग्रॅम स्पॅगेटी, चार मोठे चमचे तेल, सहा पाकळ्या लसूण, अर्धा चमचा चिली फ्लेक्स. आपल्याकडच्या त्या बारीक कोळंबीला सव्वा मिनिट, आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच.