काउंटर सात, मालक चार

कॅनडात ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडच्या कुठल्याही मोठ्या मॉलमध्ये जा. रॉजर्स, फिडो, बेल, व्हर्जिन प्लस, टेलस, कुडो, फ्रीडम. मोबाइल कंपन्यांचे काउंटरच काउंटर. भारतातून नुकत्याच आलेल्या पोरांना वाटतं, केवढी स्पर्धा आहे इथे! पण फिडो रॉजर्सचं, व्हर्जिन प्लस बेलचं आणि कुडो टेलसचं. चॅटर, लकी, पब्लिक मोबाइल ही स्वस्तातली नावंही याच तिघांची. एका काउंटरवर भाव पटला नाही म्हणून पोरगं शेजारच्या काउंटरवर जातं आणि पैसे बऱ्याचदा त्याच मालकाच्या खिशात पडतात. उरतो एकटा फ्रीडम. माझं स्पष्ट मत आहे की कॅनडात आपलं मोबाइलचं बिल किती येणार, हे हा चौथा तगतो की नाही यावर ठरतं.

नवे फार टिकत नाहीत, हा आजवरचा इतिहास मात्र धडधडीत आहे. 2008 च्या लिलावात सरकारने नव्या कंपन्यांसाठी मुद्दाम स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या लहरी, राखून ठेवला. त्यातून विंड, मोबिलिसिटी आणि पब्लिक मोबाइल उभ्या राहिल्या. विंडमागे इजिप्तच्या ओरासकॉमचा पैसा होता. 2009 मध्ये नियामक सीआरटीसीने ही कंपनी पुरेशी कॅनेडियन नाही म्हणून तिला अडवलं, शेवटी मंत्रिमंडळाला तो निर्णय फिरवावा लागला. पुढे पब्लिक मोबाइल 2013 मध्ये टेलसने घेतली, मोबिलिसिटी 2015 मध्ये रॉजर्सने. विंड 2016 मध्ये शॉ या केबल कंपनीकडे गेली आणि तिचं फ्रीडम झालं. 2023 मध्ये रॉजर्सने शॉच विकत घेतली, कर्जासकट 26 अब्ज डॉलरला! स्पर्धा आयोगाने विरोध केला, पण तो लवादापुढे टिकला नाही. फ्रीडम तेवढी वेगळी काढून 2.85 अब्ज डॉलरला क्युबेक प्रांतातल्या व्हिडिओट्रॉन या कंपनीला विकायला लावली.

दर एवढे चढे का, असं विचारलं की कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं: देश अवाढव्य, वस्ती विरळ, टॉवर महाग. उत्तरेकडच्या गावांपुरतं ते मला मान्यही आहे. पण क्युबेक काय छोटा प्रांत आहे? तिथे व्हिडिओट्रॉन पाय रोवून उभी राहिली आणि दर उतरले. म्हणूनच तर फ्रीडमच्या सौद्याला परवानगी देताना केंद्रीय उद्योगमंत्र्यांनी क्युबेकसारखे दर बाकी देशातही आणण्याची अट घातली. फ्रीडमचे स्पेक्ट्रम परवाने 10 वर्षं दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत, हीही अट आहे. मॅनिटोबा प्रांतात नेमकं उलटं घडलं. एमटीएस ही तिथली तगडी स्थानिक कंपनी होती, ती 2017 मध्ये बेलने 3.9 अब्ज डॉलरला घेतली. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडूनही टॉवरचंच कारण पुढे करतात, याचा मला मनापासून राग येतो.

या कंपन्यांच्या वाढीचं म्हणाल, तर ती आपल्यासारख्यांच्या जिवावर होती. 2023 मध्ये कॅनडाची लोकसंख्या 4 कोटींच्या पुढे गेली ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांमुळे. विमानतळावर उतरलेला प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक नवं सिम. 2024 च्या सुरुवातीला विद्यार्थी व्हिसांवर मर्यादा आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 2025 साठीचं कायम रहिवाशांचं लक्ष्य 5 लाखांवरून 3 लाख 95 हजारांवर आलं. आता नवं गिऱ्हाईक पूर्वीसारखं येत नाही, दुसऱ्याचं ओढायचं तर भाव पाडावा लागतो. बेलने फेब्रुवारी 2024 मध्ये 4,800 नोकऱ्या कमी केल्या आणि 2025 मध्ये लाभांश निम्म्याहून खाली आणला. आपल्यातल्या अनेकांच्या निवृत्तीच्या बचतीत बेलचे शेअर आहेत, त्यांना हे चांगलंच झोंबलं असेल.

मला भीती वाटते ती याचीच. नफा आटला की एकमेकांना गिळण्याची भाषा सुरू होते. भारतात जिओ 2016 मध्ये आली, दर कोसळले, बऱ्याच कंपन्या संपल्या आणि जुलै 2024 मध्ये उरलेल्या तिघा खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. 2012 मध्ये परदेशी मालकीवरची मर्यादा फक्त बाजारात 10 टक्क्यांपेक्षा कमी वाटा असलेल्या कंपन्यांसाठी सैल केली, ती सगळ्यांसाठी काढून टाका. आणि फ्रीडमवरची ती 10 वर्षांची अट 2033 मध्ये संपायच्या आत पुढे वाढवा. इथे मतदार असलेल्यांनी आपापल्या खासदाराला याबद्दल ईमेल करा, मी केला आहे.